उलार गाडीची ठेवण

वाळवा तालुक्यातील आमच्या घरी माझ्या लहानपणी बैलगाडी होती आणि तिच्यात ऊस किंवा कडबा भरण्याचे काम आजोबा दुसऱ्या कोणावर सोपवत नसत. भार मागे जास्त पडला की गाडी उलार होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गळ्याखालची जोती आवळतात. भार पुढे जास्त पडला तर तेच जू मानेवर रुतते आणि संध्याकाळी बैलांचे खांदे सुजलेले दिसतात. म्हणून गाडी भरून झाली की आजोबा जुवाखाली हात घालून ते किंचित उचलून पाहत. सपाट अंगणात त्यांना ते थोडे जडच लागत असे, कारण गावाबाहेर ओढा ओलांडल्यावर चढ होता आणि चढावर भार आपोआप मागे जातो. अंगणात अगदी तोलून भरलेली गाडी चढावर उलार होणार, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

चाळीस वर्षांनंतर, दक्षिण कॅलिफोर्नियातील माझ्या गॅरेजमध्ये 1931 च्या फोर्ड मॉडेल ए कूपेसमोर गुडघे टेकून बसलो असताना, मला आजोबांचा तो जुवाखालचा हात आठवला. त्या आधी सव्वा वर्ष मी या गाडीची ठेवण लावत होतो आणि ती लागत नव्हती.

जुनी हलकी गाडी, बहुधा फोर्डची, घ्यायची, तिचे मडगार्ड, पायरी, बंपर असे अनावश्यक वजन उतरवायचे आणि तिच्यात मोठे इंजिन बसवायचे, हा कॅलिफोर्नियातील तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीपासून जोपासलेला छंद आहे. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. माझी गाडी त्यातल्या ड्रॅग प्रकारची, म्हणजे जागेवरून सुटून पाव मैल, 402 मीटर, सरळ पळण्यासाठी बांधलेली आहे. तिच्यात शेवरलेचे 283 घनइंचांचे व्ही-8 इंजिन आहे आणि मागे नक्षी नसलेले, गुळगुळीत स्लिक टायर आहेत. इंजिन बसवणे, ब्रेक बदलणे, चासीच्या पन्हळी पट्ट्या आतून पत्रा लावून बंद करणे ही कामे कष्टाची होती, परंतु त्यांच्यासाठी आकडे उपलब्ध होते आणि आकडे पाळले की काम होत असे. गाडीने जमिनीवर कसे उभे राहावे, याला मात्र तयार आकडा मिळेना. इथले लोक त्याला स्टान्स म्हणतात. मी मनाशी ठेवण म्हणतो. नाक किती वर, शेपूट किती खाली, पुढचे चाक रेडिएटरच्या किती पुढे, मागचा टायर बॉडीच्या कमानीत कुठे बसतो, दाराखालची रेघ जमिनीशी कोणता कोन करते, या सगळ्यांची मिळून ती ठेवण होते. त्यातली एक गोष्ट इंचभर चुकली तरी गाडी खोटी वाटते, आणि का खोटी वाटते हे सांगता येत नाही.

ठेवण हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे सुरुवातीला मीही मानत होतो. पण जुन्या गाड्यांचा इतिहास नीट वाचू लागल्यावर दिसले की यातली प्रत्येक ठेवण कुठल्यातरी जमिनीवर घडली आहे. मुरॉक आणि एल मिराज या मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर शर्यती होत, तेव्हा प्रश्न वाऱ्याचा होता. मैलोन्‌मैल सपाट मातीवर गाडीने जास्तीत जास्त वेग गाठायचा असे, म्हणून त्या गाड्या खाली बसल्या, त्यांचे छत कापून बुटके झाले. रस्त्यावर मिरवणाऱ्या गाड्यांनी पुढे लहान आणि मागे मोठा टायर घातला, पुढच्या अ‍ॅक्सलची दोन्ही टोके वर वळवून घेतली, त्यामुळे नाक अडीच-तीन इंच खाली आले आणि गाडी धावण्याआधी वाकलेल्या माणसासारखी दिसू लागली. ड्रॅगची जमीन तिसरी. 1950 मध्ये सांता आना येथे विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती सुरू झाल्या, पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि 1955 मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. इथे वाऱ्याला फारसे महत्त्व नव्हते. सुटताना टायरने जमीन धरली की नाही, एवढ्यावर शर्यतीचा निकाल ठरत असे.

आणि त्या काळचा टायर जमीन धरत नव्हता. 1950 च्या दशकात बरेच स्लिक म्हणजे जुन्या सांगाड्यावर मऊ, सपाट रबर चढवून केलेले रिमोल्डच होते, अरुंद आणि ताठ. इंजिनाची ताकद वर्षागणिक वाढत होती आणि मागची चाके जागच्या जागी धूर काढत फिरत होती. चाकावर भार वाढवला तर ते जमीन धरेल, हे उघड आहे. पण गाडीत वजन टाकले तर ती मंद होते. यावर उपाय म्हणून गाडी सुटताना तिचा पुढचा भार मागे कसा सरकेल, याचा विचार सुरू झाला आणि त्यातून नाक वर केलेल्या त्या विलक्षण गाड्या जन्मल्या, ज्यांना गॅसर म्हणतात. साध्या पंपावरच्या पेट्रोलवर, म्हणजे अमेरिकी बोलीत गॅसवर, धावणाऱ्या बंद बॉडीच्या गाड्यांचा तो वर्ग होता. स्टोन, वूड्स आणि कुक यांची निळी 1941 ची विलीज, ‘बिग जॉन’ मझमानियन यांची लाल विलीज आणि ‘ओहायो जॉर्ज’ मॉन्टगोमेरी यांची 1933 ची विलीज यांच्यातील 1960 च्या दशकातल्या चुरशीच्या लढती आजही इथले वृद्ध डोळे मोठे करून सांगतात. या वर्गाला नियम होते. इंजिन चाकांमधील अंतराच्या एक दशांशापेक्षा जास्त मागे सरकवायचे नाही आणि क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा, मध्य जमिनीपासून 24 इंचांहून वर न्यायचा नाही. ज्या अर्थी उंचीवर मर्यादा घालावी लागली, त्या अर्थी लोक किती वर जात होते याची कल्पना येते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय मला राहवले नाही. सुटताना मागे सरकणारा भार तीन गोष्टींवर ठरतो: गाडी किती जोराने वेग घेते, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती अंतर आहे. मॉडेल ए मध्ये हे अंतर 103.5 इंच असते. माझ्यासकट गाडी साधारण 1,000 किलो धरली, गुरुत्वमध्य 22 इंचांवर धरला आणि गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतका प्रवेग धरला, तर सुमारे 127 किलो भार पुढून मागे जातो. आता नाक चार इंच वर केले तर गुरुत्वमध्य दोनच इंच वर येतो आणि हा आकडा 139 होतो. चार इंच नाक उचलून मिळाले ते बारा किलो. याउलट 260 किलोचे इंजिन नियमात बसेल तेवढे, म्हणजे सव्वादहा इंच मागे नेले, तर गाडी नुसती उभी असतानाच 26 किलो भार मागच्या चाकांवर येतो. हे गणित मी तीनदा तपासले. गॅसरचे उंच नाक सर्वांच्या नजरेत भरते, पण तिचे खरे काम फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधला पत्रा, कापून आत ढकललेले इंजिन करते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

हे कळूनही मी नाक चार इंच वर केले. त्याचे कारण एवढेच की आज प्रदर्शनांत दिसणाऱ्या बहुतेक गॅसर तशाच उभ्या असतात आणि डोळ्यांना तीच सवय झालेली होती. मॉडेल ए ला पुढे एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग असते. तिच्यात मी दोन पाटे वाढवले, टोके न वळवलेला सरळ अ‍ॅक्सल घातला, स्प्रिंग आणि चासीच्या मध्ये पोलादी ठोकळा बसवला. गाडी आकाशाकडे पाहू लागली. पहिल्या दिवशी मला ती सुंदर वाटली, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात तिला घेऊन रस्त्यावर गेलो. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास रस्त्यातल्या काँक्रीटच्या सांध्यावरून पुढची चाके गेली आणि स्टिअरिंग हातात थडथडू लागले. क्षणभरात ते हादरे इतके वाढले की दोन्ही पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडत असल्याचे मला बसल्या जागेवरून दिसत होते. मडगार्ड नसल्यामुळे सगळे उघडेच होते. ब्रेक हळू दाबत गाडी कडेला आणली आणि बराच वेळ इंजिन बंद करून बसून राहिलो.

दोष माझ्याच मोजमापात होता. पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तो किंगपिन, सायकलच्या चिमट्यासारखा, वरच्या टोकाला मागे कललेला असावा लागतो. त्या कलाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्यामुळेच चाक आपणहून सरळ राहते. माझ्या गाडीत अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे दोन दांडे 32 इंच लांब आहेत आणि त्यांची मागची टोके चासीला जोडलेली आहेत. नाकापाशी चासी चार इंच उचलली गेली, तेव्हा दांड्यांची मागची टोके पावणेतीन इंच वर आली, दांडे पुढे झुकले आणि त्यांच्याबरोबर किंगपिनही पुढे झुकला. आधी सहा अंश असलेला कॅस्टर एक अंशावर आला होता. शिवाय स्टिअरिंगची ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, इतकी तिरपी झाली होती की स्प्रिंग खाली-वर झाली की चाक आपोआप वळत होते. ठेवण बदलली की गाडीचा सगळा सांगाडा तिच्यामागोमाग बदलतो, आणि मी फक्त नाकाकडे पाहिले होते.

आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. तरुणपणी, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, ते शनिवार-रविवार ड्रॅग स्ट्रिपवर मित्राची गाडी सांभाळत असत. माझी गाडी पाहून ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली छायाचित्रे घेऊन आले. त्यात एकाच गाडीची दोन चित्रे होती. पहिल्यात ती सुटण्याच्या क्षणी होती: नाक उंच, मागचा टायर दबून पसरलेला, बाजूला झेंडा खाली आणणारा माणूस, कारण सुटण्याचा दिव्यांचा खांब 1963 पर्यंत आलेला नव्हता. दुसऱ्यात तीच गाडी पिटमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या तयार करण्याच्या जागेत, उभी होती, बॉनेट काढलेले, एक मुलगा मडगार्डावर कोपर टेकून उभा. दोन्ही चित्रांकडे बोट करून त्यांनी मला विचारले की तू यातली कोणती गाडी बांधतो आहेस.

त्या रात्री मी भिंग आणि कंपासमधला कर्कटक घेऊन बसलो. जुन्या छायाचित्रातून माप काढण्याची रीत सोपी आहे. गाडीच्या चाकाची रिम 15 इंची आहे हे ठाऊक असले की कर्कटकात ते अंतर धरायचे आणि बाकी सगळे त्याच्या प्रमाणात मोजायचे. छायाचित्र बरोबर बाजूने काढलेले असावे, एवढीच अट. सुटतानाच्या चित्रात चासीची खालची कड मागच्या चाकाजवळ होती त्यापेक्षा पुढे जवळजवळ पाच इंच वर होती. पिटमधल्या चित्रात हा फरक सव्वा इंच भरला. तीच गाडी, तोच दिवस. डब्यातल्या इतर सात-आठ गाड्यांनाही मी कर्कटक लावला आणि उभ्या गाड्यांपैकी बहुतेकींचा आकडा इंच-दीड इंचाच्या आसपासच राहिला.

आजच्या गाड्या बांधताना आपण सगळेच सुटतानाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवतो, कारण मासिकांनी तेव्हा तेच छापले, भिंतीवर तेच लागले. गाडीने एका क्षणात केलेली कृती आपण पोलादात कायमची गोठवतो. मला आता ते खटकते. मराठीत ठेवण आणि पवित्रा असे दोन वेगळे शब्द आहेत, याचा मला त्या रात्री उपयोग झाला. पहिलवान लाल मातीत उतरून घेतो तो पवित्रा. तो काही चोवीस तास पवित्र्यात राहत नाही. पण तालमीबाहेर चहा पीत उभा असला तरी त्याच्या खांद्यांवरून आणि पायांतल्या अंतरावरून तो पहिलवान असल्याचे कळते. ती त्याची ठेवण. पिटमधल्या त्या गाडीत सव्वा इंचाने तेवढेच सांगितले होते.

यात डोळ्यांच्या समाधानाखेरीज यंत्राचेही कारण आहे. सुटताना नाक वर उचलले जायचे असेल तर स्प्रिंगला अजून सैल होण्यास जागा शिल्लक हवी. माझ्या गाडीत मी ती जागा उभ्या अवस्थेतच वापरून टाकली होती. पुढची स्प्रिंग जवळजवळ पूर्ण सुटलेली होती आणि फक्त एक इंच चाल उरली होती. एकूण किती भार मागे जाईल हे गुरुत्वमध्याची उंची आणि प्रवेग ठरवतात, हे खरे. पण तो झटक्यात जाईल की दाबत दाबत जाईल, हे या चालीवर अवलंबून असते. म्हणूनच ड्रॅगच्या गाड्यांना पुढे असे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावतात जे सहज ताणले जातात आणि सावकाश दबतात. नाक चटकन उठावे आणि गिअर बदलताना धाडकन खाली पडू नये, ही त्यामागची योजना. पुढे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मऊ कडांचे, सुटताना सुरकुत्या पडून जमिनीला चिकटणारे स्लिक आले, तेव्हा भार मागे ढकलण्याची गरजच कमी झाली. उलट नाक फार उठून पुढची चाके हवेत जाऊ लागली आणि वेग वाढल्यावर नाकाखाली शिरणारा वारा धोक्याचा ठरू लागला. मग त्या गाड्या हळूहळू खाली आल्या. म्हणून ठेवण लावायची तर आधी वर्ष ठरवावे लागते. मी 1962 ठरवले, आणि टायरही त्याच मापाचे ठेवले: पुढे साधारण 26 इंच उंचीचे अरुंद, मागे 29 इंचांचे.

त्यानंतर मी सगळे उलगडून पुन्हा सुरू केले. गॅरेजची फरशी पाण्याच्या नळीने तपासली, कारण फरशीच तिरपी असेल तर पुढची सगळी मापे वाया जातात. एका कोपऱ्यात ती तीन अष्टमांश इंच खाली निघाली, तिथे पत्र्याच्या चकत्या घातल्या. गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली आणि चासीच्या खालच्या कडेला समांतर एक पांढरे सूत पुढून मागे ताणून बांधले. नाक वर-खाली करण्यासाठी मी ठोकळ्यांखाली पाव इंची प्लायवूडचे तुकडे घालत किंवा काढत गेलो. प्रत्येक वेळी दार उघडून रस्त्याच्या पलीकडे तीस पावलांवर जायचे, उकिडवे बसून डोळे चाकाच्या मध्याच्या उंचीवर आणायचे आणि पाहायचे. उभे राहून पाहिले तर गाडीचे छतच दिसते, ठेवण दिसत नाही. पुढचा फरक दोन इंच ठेवला तेव्हा दाराखालची रेघ मागे ओघळल्यासारखी वाटत होती. एक इंचाला गाडी सभ्य पण निर्जीव दिसत होती. सव्वा इंचाला मागच्या टायरचा वरचा गोल आणि बॉडीची कमान यांच्यातली फट सगळीकडे सारखी झाली. त्या दुपारी मी पाव इंचाचा तो तुकडा चार वेळा काढला आणि चार वेळा परत घातला, आणि चारही वेळा डोळ्यांनी तेच सांगितले.

मग ठोकळ्यांनी दाखवलेली उंची लोखंडात उतरवली. वाढवलेले दोन पाटे काढले, मधला पोलादी ठोकळा गेला, दांड्यांची मागची टोके खाली घेतली आणि कॅस्टर साडेसहा अंशांवर आणला. ड्रॅग लिंक जवळजवळ आडवी झाली. पुढच्या स्प्रिंगला चार इंच चाल मिळाली. रस्त्यावर तोच काँक्रीटचा सांधा मी ताशी सत्तरने, मग नव्वदने ओलांडला. स्टिअरिंग हातात शांत राहिले.

मागच्या महिन्यात सरावाच्या संध्याकाळी गाडी ड्रॅग स्ट्रिपवर नेली. शेजारचे गृहस्थ बरोबर आले होते. बाजूच्या कठड्याशी गुडघ्यावर बसून त्यांनी फोनवर चित्रण केले, बरोबर चाकाच्या मध्याच्या उंचीवरून. घरी आल्यावर आम्ही ते एकेक चौकट थांबवत पाहिले आणि पडद्यावरच कर्कटक लावला. क्लच सुटल्यावर मागचा टायर दबला, नाक उठले, पुढच्या टायरांचा तळ जमिनीला जेमतेम टेकून राहिला. मात्र डावी बाजू साडेचार इंच उठली होती आणि उजवी अडीच. इंजिनाच्या पिळाने गाडीचा सांगाडा उजवीकडे झुकतो आणि डावे नाक जास्त उचलले जाते; त्यांच्या मित्राच्या गाडीतही हेच होत असे, असे ते म्हणाले. त्यावर मागच्या उजव्या बाजूला आधीच थोडा ताण देऊन ठेवावा लागतो. त्यामुळे उभी असताना गाडी त्या कोपऱ्यात किंचित उंच दिसेल. येत्या शनिवारी पाव इंचापासून सुरुवात करायची, असे आम्ही ठरवले आहे.